पाळणाऱ्याचे इमान

माझ्या घराच्या फाटकावर पत्र्याची एक पाटी आहे. 'कुत्र्यापासून सावध रहा' एवढीच अक्षरे तिच्यावर आहेत. अशी पाटी लावणाऱ्या पुष्कळ गृहस्थांची समजूत अशी असते, की पाटी टांगली म्हणजे आपली जबाबदारी संपली. येणाऱ्याने जपून यावे, न आल्यास दोष त्याचा. वकिलाच्या दृष्टीने पाहू गेल्यास ही पाटी बचावापेक्षा कबुलीजबाब ठरण्याचाच संभव अधिक. आपले जनावर परक्यास इजा करू शकते हे मालकास अगोदरच ठाऊक होते, असे ती पाटी आपण होऊन सांगत असते. इतकी वर्षे वकिली करूनही ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली ती माझ्याच फाटकाशी, आणि तीही एका पोराच्या हातातून रक्त वाहत असताना. त्या सकाळपासून जो प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे, तो येथे मांडावयाचा आहे. कुत्रा इमानी असतो हे सारे जग मानते. परंतु ज्याच्याशी तो इमान राखतो, त्याच्या इमानाचे काय?

प्रथम ज्याच्यामुळे हा प्रश्न उभा राहिला, त्याची ओळख करून देतो. भैरू आमच्या इंदूरच्या घरी २०१६ च्या दिवाळीनंतर आला. माझे एक स्नेही परदेशी स्थायिक होण्यास निघाले होते. हौसेने घेतलेले दोन महिन्यांचे पिल्लू त्यांनी माझ्या ओटीत घातले. जात रॉटवायलर. दक्षिण जर्मनीत रॉटवाइल नावाचे जुने गाव आहे. तेथील खाटकांची गुरे हाकणे व मालाची राखण करणे हे ह्या कुत्र्यांचे मूळचे काम. पूर्ण वाढ झालेला नर पन्नास किलोंच्या घरात जातो. पिल्लाच्या पंजांकडे पाहूनच घरातील मंडळी विचारात पडली होती.

आईचा विरोध सोवळ्यामुळे होता. तिचे माहेर सावंतवाडीकडचे. लग्न होऊन माळव्यात येऊन तिला पन्नासाहून अधिक वर्षे झाली, तरी कोकणातले देव तिने बरोबर आणले ते आणलेच. गावचा राखणदार रात्री शिवेवरून फिरतो, त्याच्या काठीचा आणि वहाणांचा आवाज येतो, त्याचा मान त्यास दिला पाहिजे, असे ती आम्हां मुलांना सांगत असे. पिल्लू चार दिवस तिच्या मागे मागे फिरले आणि पाचव्या दिवशी तिनेच त्याचे नाव ठेवले. कुत्रा हे भैरवाचे वाहन. उज्जैनचा काळभैरव आम्हांस जवळचा. म्हणून हा भैरू. मात्र स्वयंपाकघर व देवघर ह्यांचे उंबरठे त्याने ओलांडावयाचे नाहीत, असा करार झाला. त्या कराराचा भंग भैरूने आयुष्यात एकदाही केला नाही. माणसांशी केलेल्या करारांविषयी मला असे म्हणता येणार नाही.

राखणीच्या जातीच्या कुत्र्याचे प्रेम लाडक्या कुत्र्याच्या प्रेमाहून निराळे असते. तो उड्या मारीत नाही, हात चाटीत सुटत नाही. तो येऊन आपल्या पायाला अंगाचा भार देऊन उभा राहतो. इतका, की आपणांस तोल सांभाळावा लागतो. रात्री दहाच्या सुमारास भैरू घरातून एक फेरी मारी. प्रत्येक खोलीच्या दाराशी थांबून आत पाही. जणू गणती चालली आहे. कोणी बाहेरगावी असले म्हणजे ती फेरी दोनदा होई. गणती पुरी झाली म्हणजे तो पुढील दाराच्या आतल्या अंगाला आडवा पडे. रात्री उशिरापर्यंत मी कागदपत्रे वाचीत बसलो तर त्याची हनुवटी माझ्या पावलावर असे. पाय सुन्न होई, पण मी तो काढून घेत नसे.

ह्याला प्रेम म्हणावयाचे की सवय? शंकेखोर म्हणेल, ही भाकरीची ओळख आहे. २०१५ साली जपानी संशोधकांनी असे दाखविले, की कुत्रा व त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई व तान्हे मूल ह्यांच्यातील ओढीशी संबंध असलेले हेच ते द्रव्य. माणसांनी वाढविलेल्या लांडग्यांच्या बाबतीत तसे आढळले नाही. म्हणजे हजारो वर्षांच्या सहवासात आपण ह्या प्राण्याच्या रक्तातच आपल्याविषयीची ओढ मुरविली आहे. शंकेखोरास हे उत्तर पुरेल की नाही, कोण जाणे. माझ्यापुरते मला वाटते, की प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारला जात आहे. कुत्र्याच्या मनात काय आहे ह्याचा तपास आपण मोठ्या चिकाटीने करतो; आपल्या मनात काय आहे ह्याचा तपास मात्र राहून जातो. माझा तो तपास २०१९ च्या श्रावणात सुरू झाला.

पहाटेपासून पाऊस लागला होता. वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, पंधरा-सोळा वर्षांचा, रोज फाटकावरून अंक आत फेकीत असे. त्या दिवशी अंक भिजेल म्हणून तो ओट्यावर ठेवण्यास आत आला. फाटकाची कडी रात्री मी लावली नव्हती. भैरू ओट्याखाली होता. त्याने एकदाच गुरगुरून त्या मुलाचा हात मनगटाच्या वर धरला आणि मी धावत जाऊन हाक मारीपर्यंत सोडला नाही. भैरूच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नव्हते. ज्यासाठी त्याला ठेवला होता तेच त्याने केले होते. माझ्याकडे पाहून त्याने शेपटीचे खुंट हलविले.

त्या वेळी माझ्या मनात प्रथम काय आले, हे सांगताना आजही संकोच वाटतो. मला आठवले दंडसंहितेचे २८९ वे कलम. जनावराविषयी निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. त्या पाठोपाठ बचावाचे मुद्दे रांगेने उभे राहिले. मुलगा आवारात शिरला होता. कुत्रा पूर्वी कोणास चावलेला नव्हता. कडी उघडी राहिल्याचा साक्षीदार माझ्यावाचून कोणी नव्हता. हाताला पाणी लावीपर्यंत माझा खटला मी जिंकलेला होता. संध्याकाळी त्या मुलाचा बाप आला. त्याने हात जोडले आणि पोरगा न विचारता आत गेला, चूक त्याचीच, असे म्हणाला. मी वकील आहे हे त्याला ठाऊक होते. मी त्याला बसावयास सांगितले, औषधाचा सगळा खर्च माझा असे म्हटले. परंतु 'चूक माझी आहे, कडी मी लावली नव्हती' हे वाक्य त्या संध्याकाळी माझ्या तोंडून निघाले नाही. रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन ते सांगितले. मग ठरलेल्या दिवशी त्या मुलाला घेऊन पाच वेळा डॉक्टरांकडे गेलो. सुई टोचताना तो तोंड फिरवी आणि माझ्याकडे पाहत नसे.

भैरूचे काय करावयाचे, ह्याविषयी सल्ल्याला तोटा नव्हता. कोणी म्हणाले, एखाद्या शेतावर देऊन टाका. कोणी म्हणाले, सुईने शांत करा. कोणी म्हणाले, साखळी घाला. ह्या तिघांत साखळीचा मार्ग दयेचा दिसला, म्हणून मी तो पत्करला. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला भैरू तीन महिने बांधलेला होता. खाणे वेळेवर, पाणी वेळेवर, सावली होती. मी दिसलो की तो उठे, साखळी ताणली जाई, आणि मग तो खाली बसे. पुढे पुढे उठणेही थांबले. रात्रीची गणती बंद झाली. एका संध्याकाळी आई मागच्या दारात उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. मला म्हणाली, "तू ह्याला पाळलायस, की नुसता बांधलायस?"

मराठीतील 'पाळणे' ह्या क्रियापदाकडे मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. आपण गाय पाळतो, कुत्रा पाळतो. तसाच शब्द पाळतो, व्रत पाळतो, सोवळे पाळतो. आपल्या भाषेने जनावर ठेवणे आणि दिलेले वचन निभावणे ह्यांसाठी एकच शब्द वापरला आहे. व्रत जसे सोयीचे असेल त्या दिवशी पाळावयाचे आणि जड होईल त्या दिवशी सोडावयाचे नसते, तसेच जनावराचे. जो कुत्रा पाळतो त्याने कोणास तरी शब्द दिलेला असतो. ज्याला दिला त्याला तो वाचता येत नाही, त्याच्यावर सही करता येत नाही, आणि तो मोडला तर दादही मागता येत नाही. म्हणून तो शब्द हलका होतो की जड, एवढाच प्रश्न उरतो.

कायदा ह्या प्रश्नाला अर्धवट उत्तर देतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याचे हित सांभाळावे असे कर्तव्य घातले आहे. अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेशी हालचाल करू न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे दयेचा म्हणून मी जो मार्ग धरला, तोच गुन्ह्याचा होता. आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड. पेरूखालच्या तीन महिन्यांची ही किंमत. ह्याचे कारण उघड आहे. कायद्याच्या लेखी कुत्रा ही अखेर मालमत्ता आहे. १८८२ च्या न्यास अधिनियमाप्रमाणे ज्याला मालमत्ता धारण करता येते तोच न्यासाचा हिताधिकारी होऊ शकतो. मृत्युपत्रात कुत्र्याच्या नावे काही ठेवावयाचे तर ते एखाद्या माणसाच्या हवाली करून त्याच्या सदसद्विवेकावर सोडावे लागते.

येथे देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्याच कायद्याने देवाच्या मूर्तीस 'व्यक्ती' मानले आहे. मूर्ती जमीन धारण करते, तिच्या नावे दावा चालतो. ती बोलत नाही, म्हणून अज्ञान मुलाप्रमाणे तिच्या वतीने दुसरा बोलतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे मलिक घराण्याच्या कुलदेवाचा वाद गेला होता. मूर्ती कोणत्या घरी राहावी ह्यावर घरातल्यांचे भांडण होते. मूर्ती ही घरातील सामानासारखी इकडून तिकडे हलविण्याची वस्तू नव्हे, तिचे स्वतःचे हित आहे, आणि ते मांडण्यास ह्या भांडणात ज्याचा स्वार्थ नाही असा माणूस नेमला पाहिजे, असा निर्णय तेथे झाला. देवाचा वहिवाटदार देवाचा मालक नसतो. पूजेची व्यवस्था त्याच्या हाती असते, उत्पन्नाचा हिशेब त्याच्या हाती असतो, परंतु त्याच्या सोयीसाठी देव नसतो.

मला वाटते, पाळलेल्या जनावराशी आपले नाते धनीपणाचे नसून असे वहिवाटदाराचे आहे. मी कुत्र्याची बरोबरी देवाशी करीत नाही. आईच्या घरात वाढलेल्या माणसाकडून ते होणारही नाही. मी बरोबरी करतो ती आपल्या कर्तव्याच्या स्वरूपाची. दोन्हीकडे ज्याच्यासाठी आपण उभे आहोत तो स्वतः बोलू शकत नाही. दोन्हीकडे त्याच्या मुकेपणाचा फायदा घेणे आपणांस सहज शक्य असते. आणि दोन्हीकडे तसे न करणे ह्यातच आपली परीक्षा असते. नामदेवांची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा ती कोरडी लागेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. त्या कुत्र्याने नामदेवांची काही सेवा केली होती, असे गोष्टीत कोठेही नाही.

हा मुद्दा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही येऊन गेला आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट आपल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचेच उदाहरण घेतो. ज्याने आयुष्यभर चाकरी केली, तो निकामी झाला म्हणून मालकाने त्याला गोळी घातली, तर मालक कुत्र्याविषयीच्या कर्तव्यात चुकला असे कांट म्हणत नाही. कारण त्याच्या मते विवेक नसलेल्या प्राण्याविषयी आपले प्रत्यक्ष कर्तव्यच नसते. मालक चुकतो तो मनुष्यत्वाच्या बाबतीत. जनावराशी निर्दय होणारा पुढे माणसाशीही निर्दय होतो. ह्या विचारात शहाणपण आहे, परंतु मला त्यात एक पोकळी दिसते. पेरूखाली बांधलेला होता तो भैरू. आणि हे उत्तर म्हणते, की नुकसान झाले ते माझ्या स्वभावाचे.

ह्याहून खोल गेलेले उत्तर आपल्याकडे आहे. महाभारताच्या सतराव्या पर्वात, महाप्रस्थानात, द्रौपदी व चार भाऊ वाटेत पडल्यावर युधिष्ठिराबरोबर एक कुत्राच उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून वर चढावयास सांगतो. स्वर्गात कुत्रा बाळगणाऱ्यास जागा नाही. तेव्हा धर्मराज म्हणतो, की हा माझा भक्त आहे; भक्ताचा त्याग करणे हे शरणागतास शत्रूच्या हाती देण्याइतके, मित्रद्रोहाइतके पाप आहे. इंद्र उलटतपासणी करतो. भावांना सोडलेस, पत्नीला सोडलेस, मग ह्या कुत्र्याला सोडण्यास काय हरकत? त्यावरचे उत्तर मला कोणत्याही न्यायसभेत शोभणारे वाटते. ते मेले होते. मेलेल्यांना उठविणे माझ्या हाती नव्हते. ते जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. हा जिवंत आहे.

ह्या प्रसंगाची एक बाजू सहसा लक्षात येत नाही. त्या कुत्र्याने काहीही केलेले नाही. त्याने राखण केली नाही, प्राण वाचविले नाहीत, तो नुसता बरोबर चालत आला. जगातल्या बहुतेक श्वानकथा कुत्र्याच्या इमानाची परीक्षा घेतात. तोक्योतील शिबुया स्थानकावर हाचिको हा अकिता जातीचा कुत्रा १९२५ साली वारलेल्या आपल्या धन्याची वाट १९३५ साली मरेपर्यंत पाहत राहिला, म्हणून त्याचा पुतळा उभारला गेला. आपल्या रायगडावर वाघ्याची समाधी आहे. १९३६ साली ती उभी राहिली आणि तिला आमच्या इंदूरच्या होळकरांच्या देणगीचा हातभार लागला. १६८० साली महाराजांच्या चितेत ह्या कुत्र्याने उडी घेतली, ह्या कथेस समकालीन पुरावा नाही, असे इतिहासकार सांगतात. २०१२ साली तो पुतळा हटविला गेला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बसविला गेला. २०२५ साली तो वाद पुन्हा उठला. पुराव्याचा निर्णय ज्यांचा अधिकार आहे त्यांनी करावा. मला त्यातून इतकेच दिसते, की कुत्र्याचे इमान ऐकण्याची माणसाला भूक आहे. पुतळे आपण त्याच इमानाचे उभारतो. धन्याच्या इमानाची कसोटी घेणारी कथा व्यासांनी सांगितली, आणि त्या कसोटीला उतरल्यावरच कुत्र्याचे रूप टाकून धर्म प्रकट झाला.

परंतु येथेच थांबलो तर मी वाचकांस अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल, आणि तीही मला सोयीची अर्धी. कुत्र्यावर प्रेम करणारी माणसे बहुधा येथेच थांबतात. युधिष्ठिराच्या कुत्र्याने कोणाचा हात धरला नव्हता. राखणीच्या कुत्र्याचे प्रेम मात्र दुधारी असते; आपल्यांविषयी जितका जिव्हाळा, तितकाच परक्याविषयी संशय. त्या पावसात ज्याचा हात फाटला, त्या मुलाशी माझा कोणता करार होता? त्याने माझा अंक भिजू नये म्हणून पाऊल आत टाकले. भैरूच्या प्रेमाची किंमत त्याने दिली, आणि त्या प्रेमाचा उपभोग मी घेतला. जे प्रेम आपण घ्यावयाचे आणि ज्याचा भुर्दंड दुसऱ्याने भरावयाचा, ते प्रेम नसून आपमतलब होय.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना एक पत्र पाठविले. हिंस्र म्हणून तेवीस जाती त्यात नमूद केल्या होत्या. त्या पाळण्यास वा विकण्यास परवाने देऊ नयेत, आणि ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी त्यांचे निर्बीजीकरण करावे, असे त्यात म्हटले होते. रॉटवायलर त्या यादीत होता. हाचिकोची अकिता जातही होती. आणि तुर्कस्तानचा कांगाल, कॉकेशसचा मेंढपाळ कुत्रा हेही होते. हे दोघे मूळचे मेंढरांचे राखणदार, म्हणजे धंद्याने आपल्या धनगरांच्या कुत्र्यांचे परदेशी भाऊबंद. ज्या होळकरांनी हे शहर वाढविले, त्यांचा मूळ पुरुष मल्हारराव धनगराच्या घरचा. त्यांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाच्या मूर्तीत कुत्रा त्याच्या सोबतीस असतो. इंदूरच्या राजवाड्यातही मल्हारी मार्तंडाचे स्थान आहे. कळप, देव आणि कुत्रा ह्यांची ही संगत फार जुनी आहे.

१० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक, ज्यांचे म्हणणे ऐकावयास हवे होते त्यांचे न ऐकता काढले म्हणून, रद्द ठरविले. मधल्या महिन्यात आमच्या गल्लीत भैरूविषयी कुजबुज झाली. मला तिचा राग आला नाही. त्या गल्लीत तो मुलगा राहतो. कुजबुज करणाऱ्यांना मी सांगितले ते असे. जात हा गुन्हा नव्हे, हे खरे. परंतु माझा जिव्हाळा हा बचावही नव्हे. ज्या जातीला आपण पिढ्यान् पिढ्या परक्यावर धावून जावयास शिकविले, ती धावून गेली म्हणून तिलाच आरोपी करणे जितके अन्यायाचे, तितकेच 'आमचा भैरू गरीब आहे हो' असे म्हणत फाटक उघडे टाकणे अन्यायाचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तोच निष्काळजीपणाचा गुन्हा २९१ व्या कलमात आला आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. तरीही दंडाच्या भीतीने कडी लावणारा आणि त्या मुलाची आठवण ठेवून कडी लावणारा, हे दोघे एक नव्हेत.

आईच्या त्या प्रश्नानंतर आम्ही साखळी काढली. फाटकाच्या आत आणखी एक जाळीचे दार बसविले; बाहेरून आलेला माणूस दोन दारांच्या मध्ये उभा राही, आणि पहिले लागल्यावाचून दुसरे उघडावयाचे नाही असा घरात नियम झाला. वर्तमानपत्रासाठी फाटकाच्या बाहेर पेटी लावली. पहाटे पाचला आणि रात्री मुसके बांधून मी त्याला फिरावयास नेऊ लागलो. पाऊस असो, थंडी असो, दुसऱ्या दिवशी मोठा दावा असो. एका शिकविणाऱ्या गृहस्थांकडून आम्ही दोघेही शिकलो. मला अधिक शिकावे लागले. हे सारे खर्चाचे आणि कंटाळ्याचे होते. पाळणे ह्या शब्दाचा अर्थ मला त्या कंटाळ्यात कळला. मोठ्या जातीचे जनावर घेण्याची हौस ज्यांना आहे त्यांना माझे सांगणे इतकेच आहे, की पिल्लाकडे पाहू नका, त्या नऊ-दहा वर्षांच्या पहाटेकडे पाहा. ती देण्याची तयारी नसेल तर हौस मनातच ठेवावी. त्यात कमीपणा नाही.

शेवटच्या आठ महिन्यांत भैरूचे मागचे पाय गेले. पोटाखालून जाडा पंचा घालून आम्ही दोघे त्याला उचलून अंगणात नेत असू. शांत करण्याविषयी डॉक्टरांनी एकदा विचारले. त्याला वेदना अनावर झाल्या असत्या तर मी हो म्हटले असते. वहिवाटदाराला तोही निर्णय कधी घ्यावा लागतो, आणि तो घेणारे सारेच निर्दय असतात असे मी मानत नाही. तशी वेळ आली नाही. गणती त्याने पडल्या पडल्या चालू ठेवली होती; माणसे खोल्यांतून फिरली की त्याचे डोळे फिरत. आईने सोवळे सोडले नाही आणि त्याने उंबरठा ओलांडला नाही. मात्र तिने आपला जपाचा पाट देवघराच्या आतल्या कोपऱ्यातून उंबरठ्याशी ओढून घेतला, आणि त्याला पलीकडच्या अंगाला निजविण्यास सांगितले. २०२५ च्या फाल्गुनात एका सकाळी तिचा जप चालू असताना तो गेला. पितृपक्षात पाने वाढताना ती कुत्र्यासाठी घास पूर्वीपासून काढीत असे. त्या वर्षीही काढला आणि गल्लीतल्या कुत्र्याला घातला. त्याविषयी ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, महाविद्यालयात जातो. वाटेत भेटला तर नमस्कार करतो. परंतु आमच्या घरावरून जाताना अजूनही रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जातो. कुत्रा आता नाही, हे त्याला ठाऊक आहे. मी त्याला कधी हाक मारून बोलावले नाही. त्याच्या मनातली ती भीती माझ्या एका रात्रीच्या आळसाने घातली आहे, आणि ती केव्हा जावी हे ठरविण्याचा अधिकार मला नाही.

पाटी अजून फाटकावर आहे. ती काढून टाकावी, असे घरातील मंडळी म्हणतात. मी काढीन. सध्या एवढेच होते, की रात्री दहा वाजले म्हणजे मी उठतो, प्रत्येक खोलीच्या दाराशी थांबून आत पाहतो, आणि मग जाऊन दोन्ही दारांच्या कड्या लावून येतो.